रात्री एसी १९ अंशांवर ठेवून झोपल्याने चयापचय खरोखर सुधारतो का?

सांजवारा, ठाणे

नमस्कार.

आमच्या घरी सध्या एसीच्या रिमोटवरून जो वाद चालला आहे, त्यात शास्त्राचा आधार नेमका कोणाला आहे हे जाणकारांकडून समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढते आहे. माझ्या यजमानांना व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला. त्यानुसार १९ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत महिनाभर झोपल्यास शरीरातील तपकिरी चरबी ४२ टक्क्यांनी वाढते, ती झोपेतच उष्मांक जाळते, वजन उतरते आणि मधुमेह होत नाही. त्यात अमेरिकेतील सरकारी संशोधनाचा हवाला दिलेला असल्यामुळे तो मजकूर म्हणजे निव्वळ थाप असेल असेही वाटत नाही. तेव्हापासून आमचा एसी रात्रभर १९ वर असतो आणि यजमान जाड रजई गळ्यापर्यंत ओढून झोपतात.

मला स्वतःला यात रस असण्याचे कारण असे की, माझे वजन उंचीच्या मानाने जास्त नसूनही यंदाच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.९ आला आणि ही मधुमेहाच्या आधीची पायरी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. घरात एसी एकाच खोलीत आहे, त्यामुळे उकाड्याच्या दिवसांत सासूबाईही तिथेच झोपतात. त्यांचे वय ७४ आहे, मधुमेह जुना आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. पहाटे त्यांना हमखास थंडी वाजते आणि मग पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवावी लागते.

तर हा ४२ टक्क्यांचा आकडा खरा आहे का, खरा असल्यास त्याचा वजनाशी आणि रक्तातील साखरेशी काय संबंध आहे, आणि आमच्यासारख्या घरात हा प्रयोग करण्यात काही अर्थ आहे का, यावर कोणी सविस्तर लिहील का?


अभ्रक, पुणे

आकडा खरा आहे. पण त्याच्या मागचे-पुढचे जे होते ते पुढे पाठवता पाठवता गळून पडलेले दिसते.

हा अभ्यास मेरिलँडमधील बेथेस्डा येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, रुग्णालयात झाला आणि २०१४ साली ‘डायबिटीस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पॉल ली हे ऑस्ट्रेलियन संप्रेरकतज्ज्ञ त्याचे पहिले लेखक होते. पाच निरोगी तरुण पुरुष चार महिने रोज रात्री किमान दहा तास तापमान नियंत्रित केलेल्या खोलीत राहत आणि दिवसा आपापल्या कामाला जात. पहिल्या महिन्यात खोलीचे तापमान २४ अंश होते, दुसऱ्यात १९, तिसऱ्यात पुन्हा २४ आणि चौथ्यात २७. जेवण मोजून दिले जाई, जेणेकरून थंडीमुळे वाढलेली भूक सगळा हिशेब बिघडवणार नाही. दर महिन्याच्या अखेरीस पेट-सीटी, म्हणजे कोणत्या पेशी किती साखर खेचतात हे दाखवणारा स्कॅन करून तपकिरी चरबी मोजली जाई, आणि श्वासातील वायूंवरून शरीराचा ऊर्जाखर्च काढणाऱ्या बंदिस्त खोलीत ठराविक जेवण देऊन शरीर ते कसे हाताळते हेही पाहिले जाई.

१९ अंशांच्या महिन्यानंतर तपकिरी चरबीचे आकारमान ४२ टक्क्यांनी आणि चरबीतील चयापचयाची सक्रियता सुमारे १० टक्क्यांनी वाढली. पुढच्या २४ अंशांच्या महिन्यात ही वाढ ओसरली आणि २७ अंशांच्या महिन्यानंतर उरलीसुरलीही गेली. साखरेच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण असे की, गार महिन्यानंतर जेवणानंतरची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली होती, म्हणजे तेवढ्याच जेवणानंतर साखर ताब्यात ठेवायला शरीराला कमी इन्शुलिन पुरत होते. वजन आणि शरीरातील एकूण चरबीचे प्रमाण मात्र चारही महिन्यांत जवळजवळ होते तसेच राहिले. तुमच्या यजमानांना आलेल्या मजकुरात नेमके हेच वाक्य नाही.

वजन का हलले नाही, हे समजण्यासाठी ही चरबी किती आणि काय करते हे पाहावे लागते. पांढरी चरबी साठवणीचे काम करते. तपकिरी चरबीच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांनी, गच्च भरलेल्या असतात आणि त्यांतील लोहामुळे तिला तो रंग येतो. एरवी मायटोकॉन्ड्रियांत अन्नातील ऊर्जेपासून एटीपी हे पेशीला वापरता येणारे इंधन तयार होते; या पेशींमध्ये मात्र यूसीपी-वन नावाचे प्रथिन ती प्रक्रिया मध्येच फोडते आणि ऊर्जा थेट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्वचेला गारवा लागला की मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमार्फत सिम्पथेटिक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रणेतील, मज्जातंतू जागे होतात, त्यांच्या टोकाशी नॉरएपिनेफ्रिन हे संदेशवाहक रसायन सुटते आणि हे काम सुरू होते. तान्ह्या बाळांना अंग कुडकुडवून ऊब निर्माण करता येत नाही, म्हणून त्यांच्यात ही चरबी भरपूर असते. मोठ्या माणसांत ती मानेत, कॉलरबोनच्या वरच्या खळगीत आणि मणक्याच्या कडेने थोडीशी उरते. ती मोठ्यांतही कार्यरत असते याला २००९ साली पक्का दुजोरा मिळाला. त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात बोस्टन, फिनलंडमधील तुर्कू आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील तीन गटांचे लेख आले होते. तुर्कूच्या गटाने एका व्यक्तीच्या ६३ ग्रॅम तपकिरी चरबीवरून असा अंदाज मांडला की, ती वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर सुमारे ४ किलो पांढरी चरबी खर्ची पडेल. यातले ‘वर्षभर पूर्ण क्षमतेने’ वगळून ४ किलो तेवढे सगळीकडे फिरत राहिले, आणि झोपेत वजन उतरवण्याच्या बहुतेक दाव्यांचे मूळ मला तिथे दिसते. ज्याच्याकडे अशी ५० ग्रॅम चरबी आहे त्याच्याकडे ती ४२ टक्क्यांनी वाढून ७१ ग्रॅम होईल. ही २१ ग्रॅमची भर रात्री एक पोळी जास्त खाल्ल्याने सहज फिटते.


वाटसरू, आइंडहोव्हेन

अभ्रक यांनी बाकी सगळे लिहिले आहे, म्हणून मी फक्त रजईबद्दल लिहितो.

त्या पाच जणांच्या अंगावर रुग्णालयाचे पातळ कपडे आणि बिछान्यावर नुसत्या चादरी होत्या. रजई किंवा ब्लँकेट नव्हते, आणि १९ अंशांचा परिणाम झाला तो या अटीवर. माणूस नीट पांघरूण घेऊन झोपला की पांघरुणाखालची हवा साधारण ३२ ते ३४ अंशांवर स्थिरावते, मग खोलीत १९ असोत वा १६. इकडे माझ्या ओळखीच्या डच घरांत हिवाळ्यातही झोपायची खोली जवळजवळ तापवत नाहीत, खिडकीही किलकिली ठेवतात. परंतु माणसे पिसांच्या जाड दुलईत झोपतात, त्यामुळे गार हवा लागते ती नाकाला आणि गालांना. शरीराला खोलीचे तापमान कळत नाही, त्वचेचे कळते. तेव्हा ताई, तुमचे यजमान १९ अंशांच्या खोलीत असले तरी त्यांची त्वचा ३३ अंशांत झोपते आहे. त्यांच्या तपकिरी चरबीला काही घडत असल्याचा पत्ताही लागत नसावा.


शंकासुर, रत्नागिरी

मला मुळात हे कळत नाही की, पाच माणसांवरच्या प्रयोगाला आपण संशोधन म्हणून इतके डोक्यावर का घेतो. त्यातही सगळे तरुण, सगळे पुरुष, सगळे निरोगी. ज्यांना मधुमेह झालेला नाही आणि नजीकच्या काळात होण्याची शक्यताही फारशी नाही, अशांच्या इन्शुलिनमध्ये थोडी सुधारणा दिसली, म्हणून ठाण्यातल्या मध्यमवयीन बाईंनी आणि त्यांच्या सासूबाईंनी थंडीत कुडकुडावे काय? शिवाय कोकणात मे महिन्यात मध्यरात्रीही पारा २७ च्या खाली यायला तयार नसतो. त्या अभ्यासात २७ अंशांवर सगळा फायदा ओसरला असेल, तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उघड्या पडवीत झोपलेली माणसे चयापचय बिघडवून बसलो, असे समजायचे का?


अभ्रक, पुणे

शंकासुर, तुमची शंका योग्य आहे, तरी त्या अभ्यासाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. तिथे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केलेली होती आणि तापमान खाली-वर करताना परिणामही खाली-वर होत गेला. त्यामुळे परिणाम घडतो हे पाच जणांवरूनही बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते. तो कोणाकोणात आणि किती प्रमाणात घडेल, हे म्हणता येत नाही. २७ अंशांविषयी म्हणाल, तर त्या महिन्यात कोणाला आजार जडला नाही. गारव्याने आलेली वाढ तेवढी गेली. त्यावरून कोकणातल्या माणसांबद्दल निष्कर्ष काढण्याइतका मालमसाला त्या अभ्यासात नाही.

मला जास्त रोचक वाटते ती मास्ट्रिख्टमधील पुढची कामे, कारण ती प्रत्यक्ष मधुमेहींवर झाली आणि त्यांनी तपकिरी चरबीचे मखर बरेचसे उतरवले. २०१५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, रोज सहा तासांपर्यंत, १४ ते १५ अंशांत बसवले गेले आणि त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे ४३ टक्क्यांनी सुधारली. औषधाशिवाय दहा दिवसांत एवढी सुधारणा ही मोठी गोष्ट आहे. मात्र तपासात असे दिसले की, त्यांच्यात तपकिरी चरबी अगदी थोडी होती आणि साखर उचलण्याचे काम मुख्यतः स्नायूंनी केले होते: ग्लुकोज पेशीत घेणारे ग्लट-फोर हे प्रथिन स्नायूपेशींच्या पृष्ठभागाकडे सरकले होते. मग त्याच शहरातील संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला, की तापमान थोडे चढे, १६ ते १७ अंश ठेवून आणि कुडकुडणे टाळून हाच लाभ मिळतो का. २०२१ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेले उत्तर नकारार्थी होते, संवेदनशीलता सुधारली नाही. म्हणजे रुग्णांना झालेला फायदा बहुधा स्नायूंच्या त्या बारीक, जवळजवळ जाणवतही नसलेल्या थरथरीचा असावा. आणि स्नायू हलवायचेच असतील, तर थंडीत बसण्यापेक्षा जिना चढणे केव्हाही सोपे.

हे प्रयोग दिवसा, जागेपणी झालेले आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. झोपेत आणि तेही रात्रभर, अशी मांडणी बेथेस्डाच्या अभ्यासाची होती.

आपल्यापुरता आणखी एक धागा आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांची तशाच गोऱ्या तरुणांशी तुलना केली गेली. प्रत्येक गटात बारा जण होते आणि हा लेख २०१४ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला. दक्षिण आशियाई तरुणांत तपकिरी चरबीचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. आपल्याकडे मधुमेह लवकर आणि कमी वजनातही का होतो, याचे ते एक संभाव्य कारण म्हणून मांडले गेले. मी त्याकडे एक सुगावा म्हणून पाहतो; चोवीस तरुणांवरून वंशाचा निवाडा करण्याइतका तो भक्कम नाही.


नाडीपरीक्षा, सांगली

मी मधुमेहाचे रुग्ण पाहतो, म्हणून सांजवारा ताईंच्या घरापुरते थोडे लिहितो. त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला अर्थातच याच्या वर.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण या खोलीत खरा धोका कोणाला असेल तर तो त्यांना आहे. वाढत्या वयात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून ऊब राखण्याची क्षमता मंदावते, थंडीची जाणीवही उशिरा होते, आणि गारव्याने रक्तदाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान निदान १८ अंश असावे आणि वृद्ध व आजारी व्यक्तींसाठी ते याहून जास्त लागू शकते, असे म्हटले आहे. १९ अंश या सीमारेषेला अगदी खेटून आहेत. त्यांची रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधांच्या गटातली आहे का, हे चिठ्ठीवर पाहून घ्या. असेल आणि सोबत इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रात्री साखर फार खाली गेल्यावर होणारी धडधड त्यांना जाणवणार नाही. घाम मात्र तरीही येतो. तेव्हा गार खोलीत पहाटे त्यांचे कपाळ ओलसर लागले, तर उकडत असेल असे म्हणून सोडून न देता साखर तपासा.

गरम पाण्याची पिशवी आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते आणि पिशवी पोळते आहे हे झोपेत कळत नाही. सकाळी पोटरीवर किंवा टाचेवर टरारून आलेला फोड घेऊन येणारे रुग्ण आम्ही दर हिवाळ्यात पाहतो आणि त्या फोडाची जखम भरायला महिने लागतात. सुती पायमोजे आणि एक जास्तीची चादर यांनी तेच काम होते. पाय उबदार असले की झोपही लवकर लागते: हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आतले तापमान थोडे उतरते आणि झोप येते. गार पायांनी ही वाट अडते. स्वप्नांच्या झोपेत तर तापमान राखण्याची शरीराची यंत्रणा बरीच ढिली पडते, आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात, म्हणजे शरीराचे तापमान सर्वांत खाली असते त्या पहाटेच्या सुमारास जास्त असते. सासूबाईंना पहाटेच थंडी वाजते ती यामुळे.

आता ताई, तुमच्याविषयी. वजन बेताचे असूनही साखर चढणे हे आपल्याकडे नवलाचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनाच्या काट्यावरून आपण निर्धास्त राहू नये ते याचसाठी. या टप्प्यावर काय उपयोगी पडते, याचा भारतीय पुरावा उपलब्ध आहे: चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहार आणि नियमित चालण्याने मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास शेकडो लोकांवरचा होता. गार खोलीच्या बाजूने या तोडीचे काहीही नाही. उलट, अपुऱ्या झोपेचा तोटा मात्र चांगला सिद्ध झालेला आहे. शिकागो येथील १९९९ च्या प्रयोगात तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता लक्षणीय घसरली. त्यामुळे थंडीने तुमची झोप दोनदा मोडत असेल, तर १९ अंशांतून मिळणारे जे काही थोडेफार असेल, ते झोपेच्या खात्यातून वजा होते.


सांजवारा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. पिशवी काढून ठेवली आहे आणि गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवणार आहे. यजमानांना वाटसरू यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, मग रजई काढून टाकतो, एसी १९ वरच राहू दे. तर तिघांनाही चालेल असे तापमान कोणते धरावे आणि एसीऐवजी पंख्याने भागेल का, एवढे कोणी सांगितले तर हा वाद मिटेल.


कॉम्प्रेसर, नागपूर

वैद्यकशास्त्र माझा प्रांत नाही, पण एसी दुरुस्तीत आयुष्य गेले आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने सांगतो.

रिमोटवर १९ दिसते, म्हणजे पलंगावर १९ असतात असे नाही. एसीचा सेन्सर वरच्या युनिटमध्ये, आत ओढल्या जाणाऱ्या हवेजवळ असतो, आणि थंड हवा जड असल्यामुळे खाली साचते. पलंग थेट झोताखाली असेल तर तिथे आकड्यापेक्षा बरेच गार वाटते. याउलट, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत मे महिन्यात दीड टनाचे यंत्र रात्रभर धडपडूनही १९ गाठत नाही आणि कॉम्प्रेसर क्षणभरही थांबत नाही. बाजारात मिळणारा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर आणा आणि तो उशीजवळ, झोताच्या बाहेर ठेवा. वाद घालायचाच तर त्यावरच्या आकड्यावरून घाला. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार मानांकनाच्या घरगुती एसींना चालू करताच २४ अंश येतील अशी मांडणी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सक्तीची केली आहे, आणि एक अंश वर ठेवल्यास साधारण ६ टक्के वीज वाचते असे त्यांचे गणित आहे. १९ आणि २५ यांत सहा अंशांचा फरक पडतो, तो बिलात दिसेलच.

तुमच्या खोलीसाठी माझी मांडणी अशी राहील: एसी २५ वर, सोबत छताचा पंखा अगदी मंद, आणि रिमोटवर स्लीप मोड. या मोडमध्ये बहुतेक यंत्रे पहिल्या एकदोन तासांत तापमान दर तासाला एक अंशाने वर नेतात, त्यामुळे पहाटेची थंडी वाचते. यजमानांना गार हवे असेल तर त्यांनी पंख्याखालच्या बाजूला नुसती चादर घेऊन झोपावे. रजईतल्या १९ पेक्षा चादरीतले २५ त्यांच्या त्वचेला बहुधा जास्त गार लागतील. सासूबाईंचा पलंग झोताच्या उलट भिंतीला सरकवा. ठाण्यात नुसत्या पंख्याने हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या बऱ्याच रात्री भागेल. एप्रिल-मेमध्ये हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय पंखा फारसे काही करत नाही. आमच्याकडे विदर्भात कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतो म्हणून तिकडे कोणी तो घ्यायला सुचवेल, तर घेऊ नका. ठाण्यात तो खोलीतला दमटपणाच वाढवेल.